भिंतीला फुटलेलें तोंड

‘भिंतीला कान असतात’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं कोणत्या प्रसंगीं रचिली असेल ती असो. तिचा उपदेश मात्र स्वच्छ आहे. आपल्या घरांत बोलतांनाही पलीकडच्या माणसाचें भान ठेवावें, एवढेंच ती सांगते. आमच्या काळानें ही म्हण उलटी करून दाखविली आहे. आतां भिंतीला नुसते कान राहिले नाहींत. तिला तोंड फुटलें आहे. ज्ञानेश्वरांनीं भिंत चालविली ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. आम्हीं तिला बोलावयास, गावयास आणि प्रसंगीं मध्यरात्रीं गर्जावयास लाविलें आहे. फरक इतकाच कीं, त्या भिंतीनें चांगदेवाचा अहंकार उतरविला. ही भिंत घरमालकाचा अहंकार चढविते.

शहरांतील सुस्थित कुटुंबानें नवा फ्लॅट घेतला कीं हल्लीं सजावटीच्या यादींत एक कलम हटकून असतें: भिंतींत बसविण्याचे स्पीकर. स्पीकरची पेटी दिवाणखान्यांत दिसूं नये म्हणून भिंतीला चौकोनी भोंक पाडावयाचें, त्यांत ध्वनिक्षेपक बसवावयाचा, वर बारीक जाळी लावावयाची आणि तिला भिंतीचाच रंग द्यावयाचा, असा हा प्रकार आहे. काम पुरें झालें म्हणजे आवाज कोठून येतो तें ओळखण्याचें आव्हान पाहुण्यांना करण्यांत येतें, आणि पाहुणेही चकित झाल्याचें सोंग आणतात. येथवर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्या भिंतीला भोंक पाडलें तिला दुसरी बाजूही आहे, आणि त्या बाजूस माणसें राहतात, ही गोष्ट या सबंध व्यवहारांत कोणाच्याच मनांत येत नाहीं. तिच्याचविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

आमचा वाद संगीताशीं नाहीं, यंत्राशींही नाहीं. घरांत उत्तम गाणें ऐकावें, चांगला चित्रपट पाहावा, त्यासाठीं पैसा खर्चावा, यांत गैर कांहींच नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: दोन बिऱ्हाडांमधली भिंत ही एकट्याची नव्हे, म्हणून तिच्या पोटांत ध्वनिक्षेपक पुरण्याचा अधिकार एकट्यास नाहीं, ज्यास भिंतींतून गाणें हवें असेल त्यानें आपल्या खोलींतली जागा देऊन आपली निराळी भिंत उभी करावी. हें म्हणणें केवळ सौजन्याचें आहे असें कोणी समजूं नये. तें पदार्थविज्ञानाचेंही आहे, आणि म्हणून थोडें विज्ञान सांगणें भाग आहे.

ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. तो मागें सरकला कीं याच्या उलट. म्हणजे जेवढा आवाज तो तोंडाकडून काढितो जवळजवळ तेवढाच पाठीकडूनही काढितो, पण उलट्या पावलाचा. हे दोन आवाज एकमेकांस मोकळेपणीं भेटूं दिले तर ते परस्परांस खाऊन टाकितात, आणि विशेषेंकरून खर्ज नाहींसा होतो. म्हणून ध्वनिक्षेपकाला पेटी लागते. पेटी ही शोभेची वस्तु नसून पाठीकडचा आवाज कोंडून ठेवणारी कोठडी आहे. ही कोठडी काढून टाकून तिचें काम भिंतीवर सोंपविणें, हेंच भिंतींतल्या स्पीकरचें रहस्य होय. सोय खरी, पण तुरुंग पाडून कैद्यांना शेजाऱ्याच्या ओसरीवर ठेवावें, तशांतली ही सोय आहे.

ज्या घरांसाठीं ही कल्पना निघाली त्यांना ती कांहीं अंशीं शोभतेही. अमेरिकेंतील साधें घर लाकडी सांगाड्याचें असतें. बहुधा दर १६ इंचांवर एक उभा दांडा, दोन्ही अंगांस अर्ध्या इंचाचे जिप्समचे तक्ते, आणि मध्यें साडेतीन इंचांची पोकळी, अशी तेथील भिंत. कारागीर तक्ता कापतो, पोकळींत काचलोकर भरतो, स्पीकर बसवितो आणि मोकळा होतो. भिंत मुळांतच पोकळ असल्यामुळें तिला पेटीचें काम सांगितलें तर ती तें बऱ्यापैकीं करिते. शिवाय त्या देशांत पुष्कळ कुटुंबें सुट्या घरांत राहतात. भिंतीपलीकडे आपलीच दुसरी खोली असते, नाहीं तर अंगण. तेथील रीति तेथील भिंतीस धरून आहे. आम्हीं रीति आणिली आणि भिंत तेथेंच ठेविली.

आमची भिंत निराळ्या कुळींतली. जुन्या वाड्याची भिंत दीड-दोन हात जाड असे. तिच्या पोटांत कोनाडे, देवळ्या, फडताळें सुखानें मावत, आणि त्यांना जागा देऊनही पलीकडच्या बिऱ्हाडाला ती अंतर देत नसे. आजच्या इमारतीचा भार खांब आणि तुळया उचलतात. मधली भिंत नुसती आडोशाला उभी. गवंडी तिला पडदी म्हणतात तें यथार्थ आहे. ती पुष्कळदां साडेचार इंची विटेची असते आणि तिला दोन्ही बाजूंस गिलावा असतो. जेथें इमारतीचें वजन वांचवावयाचें असतें तेथें विटांच्या जागीं एएसी ब्लॉक म्हणून ओळखले जाणारे हलके, सच्छिद्र ठोकळे येतात. स्वीडनमध्यें १९२४ च्या सुमारास निघालेल्या या ठोकळ्यांचें वजन विटेच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकें भरतें. अलीकडच्या कित्येक उंच इमारतींत तर भिंत ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून केलेली असते आणि ती स्वतःच इमारतीचा भार वाहते. तिला छिन्नी लावणें म्हणजे इमारतीच्या हाडाला छिन्नी लावणें होय.

आतां भिंतींत बसणाऱ्या स्पीकरला साधारणपणें साडेतीन-चार इंच खोली लागते. साडेचार इंची विटेंतून चार इंच कोरून काढले तर काय उरतें? विटेची एक कपची आणि शेजाऱ्याच्या तसबिरीमागचा गिलावा. जो कोनाडा दोन हातांच्या भिंतीला शोभला तो वीतभरही नसलेल्या पडदींत खोदणें, याला आम्ही परंपरा म्हणत नाहीं आणि आधुनिकताही म्हणत नाहीं. हा निव्वळ अविचार आहे.

भिंत आवाज अडविते ती मुख्यतः आपल्या वजनानें. वजन दुप्पट केलें तर अडविण्याची शक्ति सुमारें ६ डेसिबलनें वाढते; निम्मे केलें तर तेवढीच घटते. डेसिबल हें प्रमाण असें आहे कीं, दर १० ला ध्वनीची शक्ति दहापट होते. दोन्ही बाजूंनीं गिलावा केलेली साडेचार इंची पडदी ढोबळ मानानें ४५ डेसिबल अडविते असें धरलें, तर इकडच्या आवाजांतला सुमारें तीस हजारांतला एक भाग तिकडे जातो. घरच्या चित्रपटगृहांत ८५ डेसिबल हा कांहीं अतिरेक समजला जात नाहीं. त्यांतले ४५ वजा केले कीं पलीकडे ४० उरतात, आणि शेजारी झोंपूं शकतो. परंतु दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतींत एक चौरस फूट जागा आरपार उघडी राहिली, तर त्या सबंध भिंतीची किंमत ४५ वरून २० वर येते; शंभरांतला एक भाग मोकळा म्हणजे शंभरांतला एक भाग आवाज पार, इतका हा हिशोब सरळ आहे. चौदा-पंधरा चौरस इंचांच्या फटी राहिल्या तरी ती ३० वर येते. तारांच्या नळ्यांसाठीं खोदलेले चर नीट न बुजविणें, दोन बिऱ्हाडांचे विजेचे डबे पाठीला पाठ लावून बसविणें, चौकटीभोंवतीं भेगा ठेवणें, यांची बेरीज एवढी होण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

स्पीकरच्या भोंकाची गोष्ट तर याहूनही वाईट. ध्वनिक्षेपकाच्या पाठीशीं जी लहानशी पोकळी राहते तिच्यांतला आवाज खोलींतल्या आवाजाहून कितीतरी तीव्र असतो, आणि नेमकी तेथेंच भिंत सर्वांत पातळ केलेली असते. शत्रूची तोफ जेथें, तेथेंच तटाला खिंडार, असा हा बंदोबस्त आहे. त्यांत यंत्राची चौकट सरळ विटेंत आंवळलेली. म्हणजे हवेनें जाणारा आवाज बाजूलाच राहिला, भिंत स्वतःच थरथरून गाऊं लागते.

यावर सजावटकारांचें उत्तर तयार असतें: ‘काळजी करूं नका, आम्ही आंतून इन्सुलेशन करून देतों.’ या एका शब्दाच्या आड जेवढें अज्ञान विकलें जातें तेवढें क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाच्या आड विकलें जात असेल. आवाज शोषणें आणि आवाज अडविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत शब्द घुमून अस्पष्ट होत, म्हणून वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकास उपाय शोधावयास सांगण्यांत आलें. त्यानें जवळच्या नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं उचलून आणिल्या, आणि किती गाद्यांनीं घुमणें किती कमी होतें तें मोजिलें. पांच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळणारा ध्वनि गाद्यांनीं आटोक्यांत आला, आणि इमारतींच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. पण सॅबाइनच्या गाद्यांनीं खोलींतलें घुमणें कमी केलें. खोलीबाहेर जाणारा आवाज थांबविणें हा त्यांचा हेतु नव्हता आणि तें त्यांच्यानें झालेंही नसतें. आज भिंतीवर चिकटविले जाणारे खांचांचे फोमचे तुकडे हे त्या गाद्यांचेच वंशज आहेत. त्यांनीं मालकाचें ऐकणें सुधारतें. शेजाऱ्याचें नशीब सुधारत नाहीं.

थर्मोकोलची कथा याहून दुर्दैवी. उष्णता अडविते ती वस्तु आवाजही अडवील, अशा भाबड्या समजुतीनें तो भोंकांत ठांसून भरला जातो. ज्याला वजन नाहीं तो आवाज काय अडविणार? अंड्यांचे कागदी ट्रे चिकटविण्याच्या युक्तीलाही हाच न्याय लागू. वर थर्मोकोल आणि साधा फोम ज्वालाग्राही. तो भिंतीच्या पोटांत विजेच्या तारांशेजारीं कोंडणें हें शहाणपणाचें नव्हे. दगडलोकर आणि काचलोकर ह्या खऱ्या कामाच्या वस्तु आहेत, कारण त्यांच्या तंतूंत अडकून ध्वनीची थोडी शक्ति जिरते. पण त्या दोन भिंतींमधल्या पोकळींत कामाच्या. भिंतीच्या ऐवजीं नव्हेत. आणि बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यांत ओल धरत असेल, जशी ती कोंकणांत आणि मुंबईंत धरते, तर हीच लोकर भिजून निकामी होते.

खर्जाचा प्रश्न सर्वांत कठीण. सेकंदास ५० कंपनांच्या स्वराची हवेंतली लाट सुमारें २२ फूट लांब असते. जी लाट खोलीहूनही लांब, तिला दोन इंची फोम काय करणार? स्वर एक सप्तक खालीं उतरला कीं त्याच भिंतीची अडविण्याची शक्ति सुमारें ६ डेसिबलनें घटते. म्हणून शेजाऱ्याला गायिकेचा आवाज ऐकूं येत नाहीं, डग्ग्याचा घुमारा येतो. संवाद येत नाहींत, स्फोट येतात. संगीतांतलें जें मधुर तें इकडे राहतें आणि जें नुसतें धडकतें तें तिकडे जातें. शेजाऱ्याला गाणें फुकट ऐकावयास मिळतें असा विनोद करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

मग करावयाचें काय? ज्यास हौस आहे त्यास मार्ग आहे. सामाईक भिंतीला हातही लावूं नये. तिच्यापासून इंचभर अंतर सोडून, तिला कोठेंही न टेकणारा, धातूच्या पट्ट्यांचा निराळा सांगाडा उभा करावा. जमिनीला आणि छताला तो जेथें टेकेल तेथें रबराची पट्टी घालावी. पोकळींत घनमीटरला ४८ किलो वजनाची किंवा त्याहून दाट दगडलोकर भरावी, पण ठांसून नव्हे. स्पीकर घ्यावा तो पाठीला स्वतःची बंद पेटी असलेलाच. वर जिप्समच्या तक्त्यांचे दोन थर द्यावे, आणि एका थराचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येऊं देऊं नयेत. कडा न सुकणाऱ्या, लवचिक लुकणानें बुजवाव्या. तारा याच नव्या सांगाड्यांतून, नळींतून आणि विजेच्या तारांपासून दूर न्याव्या. खर्जाचा मोठा स्पीकर सामाईक भिंतीपासून लांब, रबरी बैठकीवर ठेवावा. कारण इमारतीचें काँक्रीट त्याचा ठोका दोन मजले खालींही पोंचवूं शकतें.

या सर्वांत पांच-सहा इंच जातात. दहा फूट लांबीच्या भिंतीशीं चार-पांच चौरस फूट जागा जाते. शहरांत चार-पांच चौरस फुटांना काय पडतें हें वाचकांस सांगावयास नको. आणि येथेंच खरी गोम आहे. पैसा खर्चावयास लोक तयार असतात; स्वतःच्या खोलीची रुंदी द्यावयास कोणी तयार नसतो. म्हणून जी जागा आपण द्यावयाची ती भिंतीच्या पोटांतून, म्हणजे शेजाऱ्याच्या शांततेंतून, काढून घेतली जाते. या देवघेवीस सजावट हें नांव आहे.

कोणी म्हणतील, ‘घर आमचें, भिंत आमची, आम्ही वाटेल तें करूं.’ तर तसें नाहीं. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्यानें पाया, खांब, तुळया आणि मुख्य भिंती यांची गणना सामाईक भागांत केली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली असून रात्र म्हणजे १० पासून सकाळीं ६ पर्यंत असें स्पष्ट केलें आहे. खाजगी ध्वनियंत्राचा आवाज त्या खाजगी जागेच्या सीमेवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षां अधिक जाऊं नये, असेंही त्या नियमांत आहे. पण आम्हांस कायद्याचा आधार फार घ्यावयाचा नाहीं. शेजारधर्म जेथें संपतो तेथें कायदा सुरू होतो, आणि सुशिक्षित कुटुंबाला तेथवर जावें लागावें ही भूषणाची गोष्ट नव्हे.

दुसरे म्हणतील, ‘चौकांतल्या भिंती हादरविणाऱ्या मिरवणुकी तुम्हांला दिसत नाहींत काय?’ दिसतात, आणि त्यांचाही आम्हांस तिटकारा आहे. पण मिरवणूक पुढें जाते; भिंत जात नाहीं. दुसऱ्याचा मोठा अपराध हा आपल्या लहान अपराधाचा परवाना होऊं शकत नाहीं. चौकांतल्या भोंग्याविरुद्ध वर्तमानपत्रास पत्र लिहावयाचें आणि सही करून झाल्यावर घरच्या भिंतींतला भोंगा सुरू करावयाचा, हें आमच्या सुशिक्षित वर्गाच्या न्यायबुद्धीचें चित्र फारसें शोभिवंत नाहीं.

तिसरें उत्तर सर्वांत सभ्य आणि म्हणूनच सर्वांत फसवें असतें: ‘आमचे शेजारी फार चांगले आहेत, त्यांनीं कधीं तक्रार केली नाहीं.’ आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं अभिमानानें हेंच आम्हांला सांगितलें. त्यांच्या पलीकडे एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांचा पलंग त्या भिंतीशीं होता. बाईंनीं तो हलवून खिडकीशीं नेला, जेथें पावसांत ओघळ येतात आणि उन्हाळ्यांत दुपारभर ऊन. कां म्हणून विचारलें तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, ‘त्यांची मुलें आठवडाभर राबतात हो, शनिवारीं जरा मौज करतात. त्यांना काय सांगावयाचें?’ त्या गृहस्थांच्या हिशोबीं ही तक्रार नाहींच. आमच्या हिशोबीं ती फार मोठी तक्रार आहे. आपल्या समाजांत शेजारी गप्प बसतो तो भिडेनें, आणि भीड म्हणजे संमति नव्हे. बहुमोल यंत्रें विकत घेतां येतात. दुसऱ्याची भीड विकत घेतलेली नसते, ती आपल्याला विश्वासानें दिलेली असते, आणि म्हणूनच तिचा उपयोग करून घेणें लाजिरवाणें आहे.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केल्यावर आम्हांस एवढें ठाऊक आहे कीं, परीक्षेच्या दिवसांत मुलाला लागणारें सर्वांत महागडें साधन पुस्तक नसून रात्रीचे चार शांत तास हें असतें. आजाऱ्याला, तान्ह्या मुलाच्या आईला, पहाटेच्या पाळीवर जाणाऱ्या कामगारालाही तेंच लागतें. हें साधन बाजारांत मिळत नाहीं. तें फक्त पलीकडच्या घरांतून मिळतें किंवा मिळत नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असें काम निघणार असेल त्यांना आमची विनंति आहे. सामाईक भिंत सोडा. आपल्याच दोन खोल्यांमधली भिंत घ्या, किंवा आपल्या जागेंत नवी भिंत उभारा, किंवा पेटी टेबलावर ठेवा, तिची लाज वाटूं देऊं नका. काम झाल्यावर, शेजाऱ्याची परवानगी घेऊन, त्याच्या निजण्याच्या खोलींत जाऊन बसा, आणि आपल्या घरीं नेहमीच्या आवाजांत चित्रपट लावावयास सांगा. तेथें जें ऐकूं येईल तेंच तुमच्या यंत्राचें खरें परीक्षण. पण त्याही आधीं, गवंड्यानें छिन्नी उचलण्यापूर्वीं, घरधन्यानें एकदां पलीकडचें दार ठोठवावें.